पलाऊ, कोमोडो की गालापागोस? ओढीच्या पाण्यात उतरायचं तर आधी कुठे

पन्नास-साठ स्कूबा डायव्ह होतात, अ‍ॅडव्हान्स्डचं कार्ड, म्हणजे पुढच्या पायरीचं प्रमाणपत्र, हातात येतं आणि लगूनमधलं शांत पाणी पुरेनासं होतं. मग तीन नावं सारखी कानावर पडू लागतात: पॅसिफिकमधला पलाऊ हा बेटदेश, इंडोनेशियातलं कोमोडो आणि इक्वाडोरची गालापागोस बेटं. तिन्ही विषुववृत्ताच्या पट्ट्यात, तिन्ही आडबाजूला आणि तिन्हीकडे पाण्याला जबरदस्त ओढ, म्हणजे प्रवाहाचा जोर.

बहुतेक जण माशांवरून ठरवतात. हॅमरहेड शार्क बघायचे म्हणून गालापागोस, मांटा रे बघायचे म्हणून कोमोडो. मला हे पटत नाही. मोठे मासे तिन्हीकडे आहेत. ठरवायचं ते पाण्यावरून. ओढ तुम्हाला कुठल्या दिशेला नेणार, आणि डायव्ह मध्येच सोडावीशी वाटली तर वर यायला सरळ वाट आहे का? या दोन प्रश्नांची उत्तरं तिन्ही ठिकाणी अगदी वेगळी आहेत.

पलाऊ: आडवी ओढ

पलाऊतली सगळ्यात गाजलेली जागा म्हणजे ब्लू कॉर्नर. रीफचं (प्रवाळाच्या खडकाचं) एक टोक खुल्या समुद्रात घुसलंय आणि त्याच्या कडेने भिंत सरळ खोल उतरते. बाहेरचं पाणी या भिंतीवर आदळतं, वर चढतं आणि साधारण पंधरा मीटर खोलीवरच्या पठारावरून पलीकडे वाहतं. ग्रे रीफ शार्क नेमके त्या कडेवर, प्रवाहाकडे तोंड करून, शेपटी जेमतेम हलवत उभे असतात. तुम्हीही तिथेच थांबायचं, रीफ हुक लावून.

हुक लावणं ऐकायला सोपं वाटतं, पण ते अंगवळणी पडायला दोन-तीन डायव्ह जातात. दीडएक मीटर दोरीचं एक टोक बीसीडीच्या (हवा भरून तरंगणं सांभाळणाऱ्या जाकिटाच्या) डी-रिंगला, दुसऱ्या टोकाला बोथट हुक. तो मेलेल्या खडकाच्या कपारीत अडकवायचा, जिवंत प्रवाळात कधीच नाही. मग बीसीडीत थोडी हवा भरायची, म्हणजे तुम्ही पतंगासारखे वर तरंगता आणि गुडघे रीफला लागत नाहीत. मान आडवी वळवलीत तर प्रवाह मास्कच्या कडेतून आत शिरतो, म्हणून बघायचं ते समोर. पहिल्या वेळी मी डावीकडून आलेल्या नेपोलियन रासकडे झटकन मान वळवली, मास्क अर्धा भरला आणि तो भलामोठा मासा मला नुसता हिरवट डाग म्हणून दिसला. सुटतानाची चूक जास्त महागात पडते: हुक काढण्याआधी बीसीडीतली हवा सोडायला विसरलात तर सरळ वर फेकले जाता.

ही ओढ शिकायला चांगली, कारण ती आडवी असते आणि बराच वेळ एकाच दिशेला वाहते. नको झालं तर हुक सोडा, पठारावरून प्रवाहाबरोबर जा, सेफ्टी स्टॉप (वर येण्याआधीचा पाच मीटरवरचा थांबा) तरंगतच करा, एसएमबी (बोटीला दिसणारा खुणेचा फुगा) वर सोडा. बोट मागोमाग असते. पाणी २८-२९ अंश, ३ मिलिमीटरचा सूट पुरतो. उलाँग चॅनेलमधली भरतीच्या पाण्याबरोबरची ड्रिफ्ट तर पहिल्यांदा ओढीत उतरणाऱ्यासाठी मी डोळे झाकून सुचवेन.

पेलेलिऊ मात्र यात धरू नका. १९४४ च्या घनघोर लढाईमुळे हे बेट इतिहासात माहीत आहे. डायव्हरांना माहीत आहे ते त्याच्या दक्षिण टोकावरच्या पाण्यामुळे. तिथला प्रवाह तुम्हाला रीफपासून तोडून खुल्या समुद्रात नेतो, आणि पुढे किनारा नसतो. पलाऊला गेलात म्हणजे पेलेलिऊ केलंच पाहिजे असं नाही. गाइडने आधीच्या दोन दिवसांत तुम्हाला पाण्यात पाहिलं असेल आणि तो स्वतःहून चला म्हणाला, तरच जा.

तिघांत पलाऊत राहणं सगळ्यात सोयीचं. कोरोर या मुख्य शहरात मुक्काम, सकाळी स्पीडबोट, संध्याकाळी परत. चलन अमेरिकन डॉलर. पर्यावरण शुल्काचे १०० डॉलर विमानाच्या तिकिटातच घेतले जातात आणि रॉक आयलंड्सचा परवाना वेगळा काढावा लागतो. उतरल्यावर पासपोर्टमध्ये एका प्रतिज्ञेचा शिक्का मारतात, त्याखाली तुम्ही सही करायची. २०१७ पासून ही पद्धत आहे. प्रवाळाला घातक रसायनं असलेल्या सनस्क्रीनवर २०२० पासून बंदी आहे, बाटली नेऊच नका. शार्कांना पूर्ण अभय देणारा जगातला पहिला देश हाच, २००९ साली. ब्लू कॉर्नरच्या कडेवर ते दिसतं. शार्क तुम्हाला पाहून बिचकत नाहीत.

कोमोडो: दिशा बदलणारी ओढ

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण निवड चुकते ती बहुतेक इथेच. कोमोडो स्वस्त पडतं, बालीहून लाबुआन बाजोला, म्हणजे तिथल्या बंदराच्या गावाला, विमान जातं, दिवसाच्या बोटी मिळतात. त्यामुळे ते सोपं असणार असा समज होतो. माझ्या मते तिघांत सगळ्यात अवघड पाणी कोमोडोचं आहे.

कारण भूगोलात आहे. पॅसिफिकच्या पाण्याची पातळी हिंदी महासागरापेक्षा किंचित जास्त. ते पाणी इंडोनेशियाच्या बेटांमधल्या फटींतून सतत दक्षिणेकडे ढकललं जातं. त्यातल्या दोन फटी कोमोडोच्या दोन्ही अंगांना आहेत: पश्चिमेला सापेची सामुद्रधुनी, पूर्वेला लिंताहची. यावर भरती-ओहोटी चढते. एवढं पाणी अरुंद जागेतून जाताना मध्ये खडक आला की फाटतं, वळतं, वर उसळतं आणि खाली कोसळतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हे सगळं दुप्पट वाटतं. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या मंद भरती-ओहोटीच्या, दिवसांत तीच जागा एखाद्या बागेसारखी असते. म्हणून कोमोडोची तारीख ठरवताना आधी चंद्र बघा, मग विमानाचं तिकीट.

बातू बोलोंग हे याचं उत्तम उदाहरण. पाण्याबाहेर जेमतेम दिसणारा खडक, खाली प्रवाळाने गच्च लगडलेला उभा मनोरा. प्रवाह एका अंगावर आदळतो, तर तुम्ही दुसऱ्या अंगाच्या आडोशाला उतरायचं आणि तिथेच डावी-उजवी नागमोडी चाल करत हळूहळू वर यायचं. आडोशाच्या दोन्ही टोकांना एक न दिसणारी रेघ असते. ती ओळखायची माशांवरून. अँथियास हे छोटे मासे सगळे एकाच दिशेला तोंड करून जोरात पोहायला लागले की पुढे जायचं नाही.

मी ती रेघ एकदा ओलांडली, फार नाही, हातभर. खोली दाखवणाऱ्या डायव्ह कॉम्प्युटरवर १८ मीटर होते. माझेच बुडबुडे वर जायच्या ऐवजी चेहऱ्यासमोरून खाली जाताना दिसले. कान दुखला तेव्हा पुन्हा पाहिलं तर २५. अशा वेळी भिंतीला चिकटून वर चढायची धडपड करू नये. खाली पडणारं पाणी भिंतीलगतच सगळ्यात जोरात असतं. भिंतीपासून दूर, निळ्याकडे (खुल्या पाण्याकडे) किंवा आडोशाकडे आडवं पोहायचं, बीसीडीत हवा भरायची आणि ओढ सुटली रे सुटली की ती हवा लगेच सोडायला हात तयार ठेवायचा. माझ्या गाइडने टाकीचा व्हॉल्व्ह धरून मला आडोशाला ओढलं. सगळा प्रकार अर्ध्या मिनिटात आटपला. टाकीतला दाब मात्र तेवढ्यात चाळीस बारने उतरला होता.

दुसरा अनुभव बोटीचा. कॅसल रॉकला पाणी शांत असण्याची वेळ पावणेआठची होती. नाश्ता लांबला, आम्ही पाऊण तास उशिरा उतरलो आणि खडक सापडलाच नाही. बारा मिनिटांत निळ्या पाण्यात वर आलो, एसएमबी दिसली म्हणून बोट आली. राग अजून जात नाही, कारण हे टाळता येण्यासारखं होतं. कोमोडोत ऑपरेटर निवडताना किमतीआधी हे विचारा: उद्याच्या भरती-ओहोटीच्या वेळा काय आहेत आणि त्यानुसार तुम्ही जागा बदलता का? उत्तर लगेच आलं नाही तर पुढच्या दुकानात जा.

जून २००८ मध्ये पाच डायव्हर इथे वाहून गेले. दोन दिवसांनी ते रिंचा बेटाच्या किनाऱ्यावर जिवंत सापडले, आणि रिंचावर कोमोडो ड्रॅगन मोकळे फिरतात. हे घाबरवायला सांगत नाही. एसएमबी, शिट्टी आणि आरसा या तीन वस्तू खिशात का हव्यात, हे त्यावरून कळतं.

आणि तरीही, एका डायव्हमधलं वैविध्य मोजायचं तर माझा कौल कोमोडोलाच. उत्तरेला २७-२९ अंशांचं पाणी आणि ट्रेव्हॅलींचे थवे, कारांग माकासारला मांटा, आणि दक्षिणेला रिंचाच्या हॉर्सशू बेमध्ये कॅनिबल रॉक. दक्षिणेला खोलातलं गार पाणी वर येतं, तापमान २२-२३ पर्यंत उतरतं आणि दृश्यता घटते, पण खडकाचा इंचभरही रिकामा नसतो. दक्षिण करायची तर ५ मिलिमीटरचा सूट न्या.

गालापागोस: ओढ, थंडी आणि अंतर

मोठे प्राणी बघायचे असतील तर डार्विन आणि वुल्फ या दोन बेटांना तोड नाही, हे खरंच आहे. हॅमरहेडचे शेकड्यांचे थवे आणि जून ते नोव्हेंबर व्हेल शार्क, बहुतेक प्रचंड आकाराच्या माद्या. डार्विनची प्रसिद्ध कमान १७ मे २०२१ रोजी कोसळली, आता दोन खांब उरलेत. खाली पाण्यातलं वैभव तेच आहे.

इथली पद्धत वेगळी. फुगवलेल्या पांगा बोटीतून मागे कलंडायचं, पृष्ठभागावर न थांबता सरळ खाली जायचं आणि १८-२० मीटरवरच्या खडकांत हातमोजे घालून धरून बसायचं. खडकांवर बार्नॅकलची धारदार पुटं असतात, हातमोजे फाटतातच, जास्तीची जोडी ठेवा. ओढीबरोबर लाटेचा हेलकावाही असतो. तो तुम्हाला मीटरभर पुढे नेतो, मीटरभर मागे आणतो आणि दर वेळी खडकावर घासतो. मग गाइड टाकी ठोकतो, निळ्यात एक भिंत सरकताना दिसते, ती भिंत म्हणजे व्हेल शार्क, आणि सगळे खडक सोडून झेपावतात. त्यानंतर परत खडकाकडे येणं सहसा जमत नाही. निळ्यातच वर यायचं.

प्रवाहाची दिशा कोमोडोइतकी लहरी नाही. अवघड आहे ते बाकीचं. डार्विन-वुल्फला २२-२५ अंश, इसाबेलाच्या पश्चिमेला तर १६-१८. विषुववृत्तावर एवढी थंडी का? पाण्याखालून पश्चिमेकडून येणारा क्रॉमवेल प्रवाह बेटांवर आदळून वर चढतो. त्यात ७ मिलिमीटरचा सूट, टोपी, जास्तीची वजनं. हवा नेहमीपेक्षा लवकर संपते. घरच्या पाण्यात पन्नास मिनिटं टिकणारी टाकी इथे पस्तीस मिनिटांत आटोपली तर नवल मानू नका.

अंतराचा विचार सगळ्यात महत्त्वाचा. या दोन बेटांवर फक्त लाइव्हअबोर्डने (मुक्कामी डायव्ह बोटीने) जाता येतं, मुख्य बेटांपासून रात्रभराचा प्रवास. डीकम्प्रेशनच्या त्रासावर, म्हणजे झटपट वर आल्याने शरीरात होणाऱ्या वायूच्या बुडबुड्यांवर, उपचार करणारं रिकम्प्रेशन चेंबर सांता क्रूझ बेटावर पोर्तो आयोराला. डार्विनला हा त्रास झाला तर मदत तितक्याच तासांवर. म्हणून नायट्रॉक्सचं (जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेचं) कार्ड आधी काढा, आणि ते घेऊनही कॉम्प्युटरच्या मर्यादेला टेकू नका. डायव्ह विमा सगळीकडेच हवा. इथे त्याशिवाय बोटीवर चढू नका.

खर्चाबाबत फार लिहिण्यासारखं नाही: आठवड्याची बोट काही हजार डॉलरची, तिघांत सर्वात महाग. परदेशी पाहुण्यांना राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेश शुल्क ऑगस्ट २०२४ पासून २०० डॉलर आहे, आधी १०० होतं. बोटीवर सोळाच पाहुणे घेता येतात, त्यामुळे जागा बरीच आधी धरावी लागते.

मग कोणी कुठे जावं

पन्नासच्या आसपास डायव्ह, ओढीचा अनुभव नाही: पलाऊ. नोव्हेंबर ते एप्रिल समुद्र जास्त शांत असतो. आठवडाभर राहा, ब्लू कॉर्नर एकदाच न करता तीन वेळा करा.

शंभराच्या पुढे, पाच मीटरवर काहीही न धरता तीन मिनिटं स्थिर राहता येतं, एसएमबी मधल्या पाण्यातून सोडता येते: कोमोडो, एप्रिल ते नोव्हेंबर, आणि भांगाचा आठवडा. एवढी तयारी नसेल आणि तरीही कोमोडोच हवं असेल, तर दिवसाच्या बोटीने मध्य भागातल्या सोप्या जागा करा. कॅसल रॉक आणि बातू बोलोंग गाइडच्या भरवशावर सोडा. तो नाही म्हणाला तर वाद घालू नका.

गालापागोससाठी शंभर डायव्ह पुरेसे आहेत असं मी म्हणेन, पण त्यातले वीस तरी थंड पाण्यात, जाड सूटमध्ये झालेले हवेत. कोमट पाण्यातले तीनशे डायव्ह केलेला माणूस तिथे पहिल्या दिवशी वजनाच्या गणितात अडकून बसलेला मी पाहिला आहे. दोन डायव्ह गेले त्याचे, आणि डार्विनला सगळे मिळून सहा-सातच मिळतात.

जोडीने जाणार असाल आणि दोघांचा अनुभव सारखा नसेल, तर कमी अनुभव ज्याचा त्याच्यावरून जागा ठरवा. पलाऊत अनुभवी माणसालाही कंटाळा येणार नाही. डार्विनच्या खडकावर मात्र थंडीने आणि भीतीने भराभर श्वास घेणारा जोडीदार असेल, तर दोघांनाही पंचवीस मिनिटांत वर यावं लागतं.