ब्लॅक कंट्री लिव्हिंग म्युझियम, डडली: पूर्ण दिवस काढा आणि जमलं तर इथल्याच कुणा आजी-आजोबांना बरोबर न्या

इंग्लंडच्या वेस्ट मिडलंड्समध्ये राहणारे आपले मराठी लोक, पाहुणे आले की त्यांना स्ट्रॅटफर्डला नेतात, कॉट्सवोल्ड्सला नेतात, फार तर वॉरिक कॅसल दाखवतात. छानच आहे ते सगळं, आम्हीही नेतो. पण आपण ज्या गावांमध्ये राहतो, जिथल्या शाळेत आपली मुलं जातात, त्या गावांची माणसं शंभर वर्षांपूर्वी कशी जगत होती हे बघायचं असेल तर डडलीचं हे म्युझियम बघाच, आणि घाईघाईत दोन तासांत उरकू नका. मी आधी मुलांच्या शाळेच्या सहलीबरोबर मदतीला म्हणून गेले होते, तेव्हा सगळं लक्ष मुलं मोजण्यातच गेलं. या वेळी शेजारच्या आजींना घेऊन गेलो आणि तेच ठिकाण पूर्ण वेगळं दिसलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. डडली, टिप्टन, नेदरटन, क्रॅडली हीथ, वेस्ट ब्रॉमिच, वॉल्सॉल हा सगळा पट्टा म्हणजे ब्लॅक कंट्री. वुल्वरहॅम्प्टन त्यात धरायचं की नाही यावर इथली माणसं अजूनही तावातावाने बोलतात, पण बर्मिंगहॅम त्यात येत नाही हे मात्र सगळ्यांना मान्य. इथे जमिनीखाली जवळजवळ तीस फूट जाडीचा कोळशाचा थर होता, तोही फार खोल नाही, आणि त्याच परिसरात लोखंडाचा दगड, चुनखडी आणि भट्टीच्या विटांना लागणारी माती, म्हणजे लोखंड तयार करायला जे जे लागतं ते सगळं हाताशी. मग खाणी, भट्ट्या, कालवे, खिळे, साखळ्या, कुलपं. म्युझियम लोकांसाठी उघडलं १९७८ मध्ये, आणि ते आहेसुद्धा जुन्या चुन्याच्या भट्ट्या, कोळशाच्या खाणी आणि रेल्वेच्या मालधक्क्याच्या जागेवर, साधारण २६ एकरांत सुरू झालेलं. आसपासच्या गावांमधली दुकानं, घरं, चॅपल, शाळा, जी रस्त्यासाठी किंवा नव्या बांधकामासाठी पाडली जाणार होती त्यातली बरीचशी वीट न् वीट सोडवून इथे आणून परत उभी केलीयेत. त्यामुळे आत शिरल्यावर सेट बघतोय असं वाटत नाही, उंबरे खरोखर झिजलेले आहेत.

आमच्या शेजारच्या आजी ऐंशीच्या घरात आहेत, जन्म क्रॅडली हीथचा, आमची मुलं त्यांना नॅनच म्हणतात. त्यांच्या आजी साखळ्या बनवायच्या. आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो ते साखळीच्या शेडमध्येच, आणि माझ्या मते तिकिटाचे पैसे इथेच वसूल होतात. भट्टीत लोखंडी सळई लाल-पिवळी होईपर्यंत तापवायची, ऐरणीवर वाकवायची, आधीच्या कडीत ओवायची, परत तापवायची आणि दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवून हातोडीने ठोकून एकजीव करायची, आणि हे सगळं सळई गरम आहे तेवढ्या काही क्षणांत, कारण थंड झाली की सांधा धरत नाही. दाखवणारा माणूस बोलता बोलता सहज करत होता पण दोन-तीन कड्यांनंतर घाम पुसत होता. बायका हे काम घरामागच्या छोट्या शेडमध्ये करायच्या, लहान पोरं तिथेच धुरात शेजारी, आणि आठवडाभर राबून हातात जेमतेम पाच-सहा शिलिंग. मोठ्या जाड साखळ्या पुरुष कारखान्यात करायचे, त्यांना मजुरी जास्त.

१९१० चा संप मला आधी माहीतच नव्हता. सरकारने १९०९ मध्ये कायदा केला, त्याखाली नेमलेल्या बोर्डाने साखळी करणाऱ्या बायकांना तासाला कमीत कमी अडीच पेनी ठरवून दिली, कितीतरी जणींसाठी ही आधीच्या दुप्पट मजुरी. मालकांनी काय केलं, तर सहा महिने जुन्याच दराने काम करायला आमची हरकत नाही अशा कागदांवर बायकांच्या सह्या घ्यायला सुरुवात केली, आणि त्यातल्या बऱ्याच जणींना वाचता येत नव्हतं. तेव्हा मेरी मॅकार्थर, ग्लासगोची बाई, तिची बायकांची कामगार संघटना होती, ती पुढे आली आणि क्रॅडली हीथमध्ये शेकडो बायका दहा आठवडे कामावर गेल्या नाहीत. त्यांची फिल्म काढून थिएटरांत दाखवली, देशभरातून पैसे आले, आणि ऑक्टोबरमध्ये नवा दर द्यायला शेवटच्या मालकानेही सही केली. संपाच्या निधीतून पैसे उरले, त्यातून १९१२ मध्ये गावात वर्कर्स इन्स्टिट्यूटची इमारत बांधली, आणि ती पूर्ण इमारत आता या म्युझियममध्ये आहे. नॅन त्या इमारतीत जरा वेळ शांत बसल्या आणि मग म्हणाल्या, माझी आजी ह्यात होती गं, पण घरात कधी बोलली नाही, आम्हाला वाटायचं तिचे हात असेच असतात. मी विचारलं असेच म्हणजे, तर म्हणाल्या सगळीकडे बारीक बारीक भाजल्याचे डाग. माझी मोठी मुलगी हे ऐकत होती आणि घरी येईपर्यंत तिचे प्रश्न संपले नाहीत.

खाणीच्या टूरला वेळ राखून ठेवा. हेल्मेट घालून अंधारात खाली नेतात, बऱ्याच ठिकाणी वाकून चालावं लागतं, ज्यांना बंद जागेत गुदमरतं त्यांनी बाहेरच थांबलेलं बरं. लहान मुलंसुद्धा खाणीत काम करायची हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि त्या काळोखात उभं राहून ऐकणं वेगळं. बाहेर आलात की न्यूकोमेनचं इंजिन बघा. थॉमस न्यूकोमेनने १७१२ मध्ये डडली कॅसलच्या जवळच एका खाणीतलं पाणी उपसायला वाफेचं इंजिन बसवलं, म्हणजे जेम्स वॉटच्या कितीतरी आधी, आणि त्याची पूर्ण आकाराची चालती प्रतिकृती इथे आहे. ते रोज चालू असतंच असं नाही, त्यामुळे जायच्या आधी वेबसाइटवर बघून घ्या. चालू नसलं तरी तो प्रचंड लाकडी तुळईचा दांडा बघण्यासारखा आहे.

जुन्या गावातली दुकानं म्हणजे नेदरटनचं औषधाचं दुकान, जनरल स्टोअर, गोळ्या-चॉकलेटचं दुकान, हे मुलांना आवडतं. औषधाच्या दुकानातल्या ड्रॉवरवरची लेबलं वाचत मी बराच वेळ उभी होते. एक तिरकं झालेलं घर आहे, खाली खाणकाम झाल्यामुळे जमीन खचून या भागात अशी कितीतरी घरं वाकडी झाली आणि लोक त्यातच राहत होते. १९२५ ची ओतीव लोखंडाची घरंही आहेत, विटांऐवजी लोखंडाचे पत्रे जोडून केलेली, पण ती महाग पडल्यामुळे तो प्रयोग तिथेच थांबला. शाळेत बाई आपल्याला बाकावर बसवून खरोखर रागावतात. माझ्या धाकट्याला ते इतकं खरं वाटलं की त्याने बाहेर येऊन शर्ट खोचला.

आता नवा भाग, १९४० ते ६० चा, आणि याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचंय. वुल्वरहॅम्प्टनचा एलिफंट अँड कॅसल पब, जो २००१ मध्ये पाडला होता, तो तसाच्या तसा पुन्हा बांधलाय, गॅसच्या शेगड्यांचं शोरूम आहे, रेकॉर्डचं दुकान, केशकर्तनालय, आणि लहान बाळांच्या तपासणीचं केंद्र, एनएचएस म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा १९४८ मध्ये सुरू झाली त्या काळातलं. हे सगळं उभं करताना त्या त्या दुकानात जाणाऱ्या, काम केलेल्या माणसांच्या आठवणी गोळा केल्यात आणि ते जाणवतं. पण खरी मजा अशी की इथे येणारी निम्मी माणसं हेच आयुष्य जगलेली असतात. बाळांच्या केंद्रात नॅननी दुधाच्या पावडरचा डबा बघितला आणि सुरूच झाल्या, सरकारी संत्र्याचा रस किती गोड लागायचा, त्यामागून कॉड लिव्हर ऑइलचा चमचा कसा नको व्हायचा, आणि १९५३ मध्ये गोळ्या-चॉकलेटवरचं रेशन उठलं तेव्हा दुकानाबाहेर पोरांची केवढी रांग होती. शेजारी एक अनोळखी आजोबा उभे होते, ते म्हणाले टिप्टनलाही तसंच होतं, मग दोघं टिनच्या टबातल्या अंघोळीवर आले, कुणाच्या घरात आधी कोण अंघोळ करायचं, शेवटच्याला पाणी कसं मिळायचं, सोमवारी कपडे धुवायचे म्हणून जेवायला रविवारचं थंड मटणच असायचं. पाऊण तास गेला. तिथली पोशाखातली मुलगी आपलं ठरलेलं बोलणं सोडून त्या दोघांनाच प्रश्न विचारायला लागली आणि आजूबाजूचे आम्ही सगळे ऐकत उभे. मला हे फार फार आवडलं, कारण तिने त्यांना थांबवलं नाही.

आपल्या लोकांनी हा भाग बघावा याचं अजून एक कारण आहे. ह्याच वर्षांत इथल्या ओतकाम कारखान्यांमध्ये पंजाबातून आणि कॅरिबियनमधून माणसं येऊन राबत होती, जी कामं स्थानिकांना नको होती ती करत होती, आणि त्यांना भाड्याने खोली मिळणंसुद्धा मुश्किल होतं. जवळच्या स्मेथिकमध्ये १९६५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे माल्कम एक्स येऊन गेले, तिथल्या मार्शल स्ट्रीटवर घरं फक्त गोऱ्यांनाच मिळावीत म्हणून प्रयत्न चालले होते त्यावरून. आज आपण इथे सहज घर घेतो, दिवाळी करतो, त्याच्या आधी हे सगळं होऊन गेलंय, आणि ज्यांनी ते सोसलं ते आजोबा अजून गुरुद्वारात भेटतात, त्यांनाही कुणीतरी बसून विचारायला पाहिजे.

खाण्याबद्दल महत्त्वाचं. इथली फिश अँड चिप्स प्रसिद्ध आहे, १९३० च्या दशकातल्या दुकानात जुन्या पद्धतीने तळतात, म्हणजे बीफच्या चरबीत. बीफ न खाणाऱ्यांनी आणि शाकाहारी मंडळींनी हे लक्षात घ्या, कारण चिप्ससुद्धा त्यातच तळलेल्या असू शकतात, काउंटरवर आधी विचारा आणि शंका वाटली तर डबा न्या, बाहेर बाकांवर बसून खाता येतं. आम्ही पोळी-भाजीचे रोल नेले होते, नॅननी त्यातला एक खाल्ला आणि आम्हाला त्यांच्या लहानपणीच्या ग्रे पीजची, म्हणजे वाटाण्याच्या इथल्या एका पदार्थाची, कृती सांगितली. चिप्स घ्यायच्या असतील तर बाराच्या आत जा, नंतर रांग लांब होते.

बाकी, रस्ते जुन्या पद्धतीचे दगडी आहेत आणि चढ-उतारही आहे, म्हणून गुडघे दुखणाऱ्यांनी आणि प्रॅमवाल्यांनी हळूहळू जायची तयारी ठेवा, आम्ही मध्ये मध्ये बसत गेलो. जुन्या बस चालू असतील तर त्यात बसून एक फेरी मारा, चालणंही वाचतं. थंडीत बरेच दरवाजे उघडे असतात, जॅकेट लागतंच, आणि त्या दिवशी भट्टीपाशी सगळ्यात जास्त गर्दी का असते तेही कळतं. गाजलेल्या एका टीव्ही मालिकेचं शूटिंग इथल्या बोटींच्या धक्क्यावर झालंय, त्यासाठी पुष्कळ तरुण येतात, फोटो काढायचे तर सकाळी लवकर काढून घ्या. ट्रेनने येणार असाल तर टिप्टन स्टेशन जवळ, तिथून थोडं चालणं आहे.

आम्ही काढलं ते तिकीट वर्षभर चालणारं होतं त्यामुळे सगळं एकाच दिवसात संपवायचा अट्टहास करू नका. शेजारीच डडली टनेलच्या बोटी सुटतात, ती संस्था वेगळी आणि तिकीटही वेगळं. १७९२ चा हा बोगदा इतका अरुंद आहे की त्या काळी नावाडी पाठीवर झोपून भिंतींना पाय लावून बोट पुढे ढकलायचे. आत चुनखडीच्या गुहा आहेत, आणि ह्याच चुनखडीत सापडलेला एक जीवाश्म किडा डडलीच्या जुन्या मानचिन्हावरही होता. आम्ही मुलांच्या सुट्टीत त्यासाठी परत जाणार आहोत, नॅन येणार आहेतच, आणि या वेळी त्यांची बहीणही यायचं म्हणतेय.