जर्मनीतला ६३ युरोचा पास: मित्रांबरोबरच्या शनिवार-रविवारसाठी कितपत कामाचा?

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका होईल. डॉइचलांड-टिकेट, म्हणजे जर्मनीतला हा महिन्याचा पास, पॅसेंजर गाड्यांचा आहे. त्याच्याकडून एक्स्प्रेसची अपेक्षा ठेवली तर महिनाभरात वैतागून रद्द कराल. पॅसेंजर म्हणूनच वापरलात आणि सोबत तीन-चार मित्र असले, तर विद्यार्थ्याच्या खिशाला परवडून एवढं फिरवणारं तिकडे दुसरं काही नाही. मी गेल्या ऑक्टोबरपासून तो वापरतोय. राहतो कोलोनला, घर भुसावळचं. सुट्टीत गावी आलोय, आणि जळगाव-धुळ्याकडून यंदा जर्मनीला निघालेली पोरं-पोरी भेटली की व्हिसा, खोली आणि मग हाच प्रश्न: पास घ्यायचा का? दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहितो.

महिन्याला ठरावीक रक्कम भरायची आणि देशभरातल्या लोकल व प्रादेशिक गाड्या, ट्राम, मेट्रो, सिटी बस यांत हवं तितकं फिरायचं, एवढीच ही योजना. मे २०२३ मध्ये सुरू झाली तेव्हा ४९ युरो होते, जानेवारी २०२५ पासून ५८ आणि जानेवारी २०२६ पासून ६३. मी ५८ असताना घेतला, त्यामुळे दरवाढ सोसलेल्यांपैकी मीही एक. आपली रेल्वेची एमएसटी, म्हणजे मासिक पास, दोन स्टेशनांमधली असते, तीसुद्धा जास्तीत जास्त १५० किलोमीटरची. इथे 'कुठून कुठे' हा रकानाच नाही. पार उत्तरेच्या समुद्रापासून आल्प्सपर्यंत एकच पास. गाडीच्या नंबराआधी आरई, आरबी किंवा एस असेल तर बिनधास्त चढायचं. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांना हात लावायचा नाही. फ्लिक्सबस आणि फ्लिक्सट्रेन या खासगी गाड्यांनाही चालत नाही. आप्पांना हे फोनवर पाच मिनिटं समजावलं, तर ते म्हणाले, "म्हणजे सुपरफास्टला चालत नाही, असं म्हण ना!" भुसावळच्या माणसाला यापेक्षा जास्त सांगावं लागत नाही.

६३ युरो म्हणजे किती? २०२६ मध्ये जर्मनीत ताशी किमान वेतन १३.९० युरो आहे. म्हणजे साडेचार तासांचं काम. विद्यार्थी नोकरी करणाऱ्याला एका शनिवारच्या शिफ्टइतकं. रुपयांत हिशेब करू नका, पहिले दोन महिने पाणीसुद्धा घशाखाली उतरत नाही.

आता मुख्य गोष्ट. पास स्वस्त आहे हे सगळेच सांगतात. मला त्याचा खरा फायदा वेगळाच वाटला: मित्रांमधली पैशांची कुचंबणा संपते. आमच्या टोळक्यात एक अमळनेरचा, एक शिरपूरचा, एक मुक्ताईनगरचा आणि शहाद्याची एक मुलगी. एकाच्या घरी केळीच्या बागा आहेत, तर दुसऱ्याचं शिक्षण कर्जावर चाललंय आणि तो रात्री गोदामात खोकी उचलतो. परदेशात सहल ठरवताना कोणीतरी एक जण हळूच "मला अभ्यास आहे" म्हणतो. अभ्यास नसतो, तिकिटाचे पैसे नसतात. पास सगळ्यांकडे असला की प्रवासखर्च हा विषयच निघत नाही, कारण तो महिन्याच्या सुरुवातीलाच गेलेला असतो. मग शुक्रवारी रात्री अकराला ठरवलेली सहलसुद्धा होते, आणि सकाळी पाऊस दिसला म्हणून रद्द केली तरी कोणाचं तिकीट बुडत नाही. आवडलं तर मधल्याच स्टेशनावर उतरायचं. कोब्लेंझला निघून आम्ही दुपार बॉनमध्येच काढली, असंही झालंय.

कोब्लेंझचं आलंच आहे तर तिथूनच सांगतो. कोलोनहून आरई ५ ने ऱ्हाइनच्या काठाकाठाने साधारण दीड तास. तिथे मोझेल नदी ऱ्हाइनला मिळते, त्या टोकाला 'डॉइचेस एक' म्हणतात. मुक्ताईनगरवाला बराच वेळ तो संगम बघत उभा राहिला आणि म्हणाला, "आमच्या चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम याच्याहून मोठा दिसतो, फक्त तिथे जायला अशी गाडी नाही." यावर खानदेशी माणसांनी दोन तास वाद घातला. शेजारच्या बाकावरचे आजोबा उठून लांब जाऊन बसले. नदीवरचा रोपवे पासात येत नाही, त्याचे पैसे वेगळे.

पण सगळ्यात वसूल झालेली सहल लक्झेंबर्गची. ही युक्ती ओळखीतल्या फार कमी जणांना माहीत होती, म्हणून नीट सांगतो. लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून सगळी सार्वजनिक वाहतूक मोफत आहे, पाहुण्यांनाही, फक्त पहिला वर्ग सोडून. तुमचा पास जर्मनीच्या हद्दीपर्यंत चालतो आणि हद्द ओलांडली की तिकीटच लागत नाही. म्हणजे कोलोन ते परदेशाची राजधानी, जादा एक सेंट न देता. कोलोनहून कोब्लेंझ, तिथून मोझेलच्या खोऱ्यातून ट्रिअर, मग लक्झेंबर्ग. चार-साडेचार तास धरायचे. राहायचं ट्रिअरमध्ये, लक्झेंबर्गमधली हॉटेलं आपल्यासाठी नाहीत. ट्रिअरला पोर्टा नीग्रा हा रोमन काळातला काळाकुट्ट दरवाजा स्टेशनापासून चालत जाण्याइतका जवळ आहे, आणि कार्ल मार्क्सचा जन्मही त्याच गावातला, १८१८ चा. वाटेत कोखेमच्या आसपास गाडीच्या खिडकीतून द्राक्षमळे दिसतात, ते इतक्या उभ्या चढावर की तिथे माणूस उभा कसा राहत असेल हेच कळत नाही. या टप्प्यात मोबाइल खिशात ठेवा.

मात्र एक लक्षात ठेवा. कोब्लेंझहून सुटणारी ती गाडी म्हणजे एकमेकींना जोडलेल्या दोन गाड्या असतात. ट्रिअरला त्या सुट्या होतात. एक लक्झेंबर्गला जाते, दुसरी सारब्रुकनकडे. डब्यातल्या पाटीवर तुमच्या डब्याचं ठिकाण लिहिलेलं असतं आणि घोषणाही होते, पण ती जर्मनमध्ये, आणि आमचा शिरपूरवाला खिडकीच्या जागेसाठी दुसऱ्या भागात जाऊन डुलक्या घेत होता. ट्रिअर गेल्यावर त्याचा फोन: "आते काय करानं भो?" पुढच्या स्टेशनावर उतरला, उलटी गाडी पकडली आणि तासाभराने लक्झेंबर्गला येऊन मिळाला. साध्या तिकिटावर असता तर परतीचे पैसे गेले असते आणि टीसीपुढे विनवण्या कराव्या लागल्या असत्या, ते दोन्ही वाचलं. लक्झेंबर्गमध्ये पफाफेनटालची काचेची लिफ्टही फुकट आहे. दरीच्या तळापासून वरच्या गावापर्यंत ७१ मीटर चढते. आम्ही खालीवर इतक्या फेऱ्या मारल्या की शहाद्याची शेवटी वरच बसून राहिली.

हद्द ओलांडताना पासपोर्ट आणि राहण्याच्या परवान्याचं कार्ड, दोन्ही अस्सल, जवळ ठेवा. फोनमधला फोटो चालत नाही. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली, येताना पोलीस गाडीत चढू शकतात.

जवळचं हवं असेल तर वुपर्टाल. तिथली श्वेबेबान ही रुळाखाली लटकून चालणारी गाडी १९०१ पासून धावते, १३.३ किलोमीटर, बहुतेक अंतर वुपर नदीच्या डोक्यावरून. तीही पासात. रेल्वे कॉलनीत वाढलेल्या माणसाने न बघण्यासारखी ती गोष्टच नाही, मी टोकापासून टोकापर्यंत गेलो आणि तसाच परत आलो. आम्ही नाताळाआधी गेलो ते बरं झालं, फेब्रुवारी २०२६ मध्ये कोलोन-वुपर्टाल मार्ग मोठ्या दुरुस्तीसाठी बंद झाला होता.

इथून पुढे तक्रारी. रुळांची दुरुस्ती हा तिथला कायमचा पाहुणा आहे, आणि ती नेमकी शनिवार-रविवारी निघते. गाडीऐवजी बदली बस येते, अर्ध्या तासाच्या अंतराला सव्वा तास लावते. निघण्याआधी ॲपमध्ये त्याच दिवशीचं वेळापत्रक बघा, आदल्या आठवड्यातलं नाही. गाडी बदलायला सहा मिनिटं दाखवत असेल तर ती सहा मिनिटं नाहीत असं समजा. उशीर झाला तर भरपाई मिळते, पण ती ऐकून हसाल: तासाभराहून जास्त उशिराला दीड युरो, आणि ४ युरोंपेक्षा कमी रक्कम देतच नाहीत. म्हणजे तीन वेळा तासतासभर रखडा, मग अर्ज भरा. साधं पूर्ण दराचं तिकीट असलेल्याला अशा वेळी पुढची जलद गाडी पकडायची मुभा असते, पासवाल्याला ती नाही. रविवारी संध्याकाळची शेवटून दुसरी गाडी पकडा. शेवटची चुकली तर प्लॅटफॉर्मवरची थंडी भुसावळच्या उन्हात वाढलेल्या हाडांना सोसत नाही.

लांबचं स्वप्न या पासावर बघू नका. कोलोनहून बर्लिन प्रादेशिक गाड्यांनी सात-आठ तासांहून जास्त लागतात, वर तीन-चार वेळा उतरा-चढा. दोन दिवसांपैकी एक रुळावरच गेला. अमळनेरवाल्याने हट्टाने केलं आणि सोमवारी लेक्चरला झोपला. आमचा नियम असा झाला की एका बाजूला साडेचार तासांपुढे असेल तर महिनाभर आधी जलद गाडीचं स्वस्त तिकीट बघायचं.

एस-बानमध्ये, म्हणजे शहराच्या लोकलमध्ये, बहुधा संडास नसतो, आणि स्टेशनावरच्याला पैसे पडतात. हे कोणी आधी सांगत नाही.

खाण्याचं बघा. रविवारी जर्मनीत दुकानं बंद. सुपरमार्केट शनिवारी रात्रीच गाठायचं, नाहीतर मोठ्या स्टेशनांतली दुकानं चालू असतात, महाग. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून नेतो, शहाद्याची मिरचीचा ठेचा आणते आणि डबा उघडला की अख्खा डबा, म्हणजे गाडीचा, वळून बघतो. कळण्याची भाकरी तिकडे जमत नाही, पीठ संपलं की संपलं. येताना आईकडून जास्तच घेणार आहे.

पास नावावर असतो, मित्राला देता येत नाही, सोबत ओळखपत्र लागतं. बहुतेकांचा तो फोनमध्ये असतो. बॅटरी संपली म्हणजे त्या क्षणी तुम्ही विनातिकीट, आणि विनातिकीटचा दंड ६० युरो. नंतर पास दाखवून तो काही युरोंवर येतो, पण पॉवर बँक त्याहून सोपी.

विकत घेण्याआधी एक चौकशी कराच. बऱ्याच सरकारी विद्यापीठांत सत्राच्या फीमध्येच हा पास विद्यार्थी दरात येतो, मूळ किमतीच्या ६० टक्क्यांत. तसं असेल तर वेगळा घेणं म्हणजे पैसे नदीत टाकणं. माझ्यासारखे खासगी विद्यापीठात असाल तर तिथे ही सोय नसू शकते. तिकडचे प्रवेश करून देणारे एजंट फी, राहणं, नोकरी सगळं सांगतात, हे सांगत नाहीत. प्रवेश घेतानाच विचारा, वर्षाला साडेसातशे युरोंचा प्रश्न आहे. आणि ज्याची खोली कॉलेजला लागून आहे, जो शनिवार-रविवार दोन्ही दिवस काम करतो, त्याने घेऊच नये. मित्र सगळे फिरतायत म्हणून घेतलेला पास प्रत्येक न फिरलेल्या रविवारी टोचतो.

पास कॅलेंडरच्या महिन्यावर चालतो आणि आपोआप पुढे सरकतो, पैसे बँक खात्यातून जातात. पुढच्या महिन्यापासून थांबवायचा तर चालू महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावा लागतो. मी ऑगस्टभर भुसावळात असणार होतो, म्हणून जुलैच्या पहिल्या आठवड्यातच रद्द केला, सप्टेंबरला परत घेईन. मुक्ताईनगरवाला ११ तारखेला रद्द करायला बसला. आता तो गावी केळीच्या बागेत पाणी सोडतोय आणि तिकडे त्याचे ६३ युरो फिरतायत.