बर्डीच्या फुटपाथवर मिळालेला डोरियन ग्रे

नागपूरच्या बर्डीच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगातून ऑस्कर वाइल्डची ‘द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे’ ही कादंबरी ८० रुपयांना घेतली. कागद पिवळा, अक्षर फारच बारीक, पण बांधणी पक्की. मे महिन्यात दुपारी महालातल्या माझ्या फोटो स्टुडिओकडे गिऱ्हाईक फिरकत नाही. कूलरसमोर बसून नऊ दिवसांत वाचली.

देखणा पोरगा तसाच राहतो आणि त्याचं वय, त्याची पापं त्याच्या चित्रावर उमटतात, एवढी गोष्ट ऐकून होतो. पण मी चाळीस वर्षं चेहऱ्यांना टचिंग करतो आहे. आधी निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं, आता कॉम्प्युटरवर. ‘काका, डोळ्याखालचं काळं काढून द्या ना जी’ हे रोजचंच. म्हणून चित्र पहिल्यांदा बदलतं तिथे मी अडकलो. सिबिल व्हेन या नटीला डोरियन झिडकारतो, घरी येतो, तर चित्रातल्या ओठांपाशी क्रूरपणाची छटा. सुरकुती नाही, पांढरा केस नाही. ओठ! हे वाइल्डला कसं कळलं असेल? टचिंग करताना सगळ्यात जपून हात चालवावा लागतो तो तिथेच. जरा चुकलं की माणूस वेगळाच दिसतो.

लोक डोरियनला नादी लावणाऱ्या लॉर्ड हेन्रीची चटपटीत वाक्यं पाठ करतात. मला विचाराल तर पुस्तक ते चित्र काढणाऱ्या बेसिलचं आहे. कितीतरी वर्षांनी तो ते सडलेलं चित्र बघतो, ते आपलंच आहे यावर त्याचा विश्वास बसत नाही. मेणबत्ती जवळ नेतो, तर डाव्या कोपऱ्यात शेंदरी अक्षरांत त्याचंच नाव. हे पान मी तीनदा वाचलं.

अकरावं प्रकरण मात्र जड गेलं. अत्तरं, रत्नं, भरतकाम, संपतच नाही.

घेताना प्रकरणं मोजून घ्या. १८९० साली अमेरिकेतल्या लिपिनकॉट मासिकात ही कादंबरी १३ प्रकरणांत आली. संपादकानं वाइल्डला न विचारता आक्षेपार्ह वाटलेले सुमारे ५०० शब्द आधीच कापले होते, तरी लंडनच्या वर्तमानपत्रांनी झोडपलंच. १८९१च्या पुस्तकात २० प्रकरणं झाली. सिबिलचा भाऊ त्यातच आला आणि त्याच्याशिवाय गोष्ट अपुरी वाटते. १८९५ साली कोर्टात हीच कादंबरी वाइल्डच्या विरोधात वापरली गेली.

वाचून झाल्यावर जुन्या निगेटिव्हचा पत्र्याचा डबा काढला. तिरप्या उजेडात धरल्या की माझ्या पेन्सिलीचे ठिपके अजून चमकतात. ज्यांच्या ओठांपाशी मी हात चालवला होता, त्या वेगळ्या काढून ठेवल्या.