माहाने येहुदातलं मसाल्याचं दुकान: ओली मिरी घ्या, गरम मसाला राहू द्या

जेरुसलेमच्या माहाने येहुदा बाजारात आग्रिपास रस्त्याकडून शिरलं की झाआतर, हवाएज, सुमाक अशा इथल्या मसाल्यांचे ढीग मांडलेलं एक दुकान लागतं. पुढे थोडी तक्रार आहे, म्हणून नाव लिहीत नाही. मी मूळची ठाण्याची बेने इस्राएली, म्हणजे मराठी यहुदी, आता इस्राएलमधल्या लोदला राहते. मिरी-लवंगांसाठी मुद्दाम जेरुसलेमला जाते म्हणून घरचे हसतात. हसोत.

इथे माल हातावर ठेवून खायला देतात, तेही चांगला मोठा तुकडा. मग ब्राखा, म्हणजे खाण्याआधी किंवा हुंगण्याआधी म्हणायचा आशीर्वाद, कुठली म्हणायची, हे तिथेच उभ्या उभ्या ठरवावं लागतं. साखरेत पाकवलेल्या आल्याला ‘बोरे पेरी हाआदामा’ (जमिनीतून येणाऱ्या पिकांची ब्राखा), यात शंका नाही. सुंठ आणि वाळलेली काळी मिरी मात्र नुसती चावली तर काहीच म्हणायचं नाही, कारण ती कोणी नुसती खात नाही. तलमूद या जुन्या यहुदी धर्मग्रंथाच्या ब्राखोत भागात रावा नावाचा पंडित तर म्हणतो, योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवशी, मिरी चावली तरी उपास मोडल्याची शिक्षा नाही, कारण ते खाणंच नव्हे. (घरी कोणी प्रयोग करू नये, मनाई आहेच.) त्याच पानावर हिंदुस्तानातून येणाऱ्या, मधात मुरवलेल्या मसाल्यांना हाआदामा सांगितलीय. आपल्याकडचा माल तेव्हाही बाबेलपर्यंत (आजचं इराक, जिथे हा तलमूद रचला गेला) पोचत होता, हे वाचून मला उगाच माहेरचा अभिमान वाटतो.

आता खरेदीचं. सगळ्यात उत्तम म्हणजे खारवलेल्या ओल्या हिरव्या मिरीची बाटली. दाणे टपोरे, देठासकट, मीठ बेताचं, तिखटपणा हळूहळू चढणारा. ओली मिरी नुसती खाता येते, म्हणून तिला हाआदामा आहे; मिरी झाडाला लागते, तरी हाएत्स (झाडाच्या फळांची ब्राखा) नाही. वरणभाताबरोबर चार दाणे घ्या, कोकणातल्या लोणच्याची सय येते. पाकवलेलं आलंही छान, मऊ, रेषा कमी. एकच अडचण: मी ब्राखा म्हणून तुकडा तोंडाशी नेते आणि दुकानदार नेमका तेव्हाच विचारतो, ‘किती देऊ?’ गिळेपर्यंत बोलायचं नाही, म्हणून मी बोटं दाखवते. एकदा त्याने तेवढे किलो तोलले.

लवंगा तेलकट, वासाला दमदार. हावदालासाठी, म्हणजे शनिवारी रात्री शब्बाथ संपवण्याच्या विधीसाठी, इथल्याच घेते. गंमत अशी की हीच लवंग तोंडात टाकली तर ब्राखा नाही, आणि शनिवारी रात्री हुंगली की ‘बोरे मिने बेसामीम’ (सुगंधांची ब्राखा). जायफळ ठीक, दालचिनी मात्र जाड सालीची, चवीला फिकी.

गरम मसाला घेऊ नका. ‘हिंदी’ म्हणून मिरवतात, पण त्यात जिऱ्याचा भडिमार, दगडफूल नाही, आणि वास उडालेला. आमच्या मटणाच्या रश्श्याला तो लाजच आणेल. भाव शंभर ग्रॅमवर लिहिलेले असतात, स्वस्त समजून किलोभर मागाल तर दचकाल. कश्रुतचं (यहुदी आहारनियमांचं) प्रमाणपत्र गल्ल्यामागे लावलेलं आहे, पण तारीख बघून घ्या.

शुक्रवारी दुपारी जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते. मंगळवारी सकाळी ट्रामने जा, याफो रस्त्यावरच्या माहाने येहुदा थांब्यावर उतरा आणि बाटली पुढून घेऊ नका, मागच्या फळीवरची मागा. पुढच्या उन्हात असतात.