इनस्क्रिप्ट कीबोर्ड: मराठी लिहायचं तर मराठीतूनच

रोमन अक्षरं टाइप करून मराठी उमटवणारे कीबोर्ड सोपे असतात, पण प्रत्येक शब्द आधी डोक्यात इंग्रजी स्पेलिंगमधून जातो. इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरी अक्षरं थेट बटणांवर बसवलेली कीबोर्डची मांडणी; तिच्यात हा वळसा नाही. आपलं नाव, आपलं म्हणणं आपल्याच लिपीत विचार करून लिहिता यावं असं मनापासून वाटणाऱ्यांनी हाच शिकावा.

मांडणी तर्कशुद्ध आहे: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह, 'डी'वर. 'ळ'साठी शिफ्ट आणि 'एन', म्हणजे 'ल'चंच बटण. मराठीची खरी परीक्षा 'दऱ्या'मध्ये होते. साध्या 'जे'ने 'र' येतो आणि शब्दाचा 'दर्या' होतो. शिफ्ट धरून 'जे', मग 'डी', मग 'य' दाबलं की 'ऱ्य' बरोबर उमटतो. जुन्या मजकुरात हाच 'ऱ्य' साधा 'र' आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून केलेला असतो. दिसायला सारखा, पण शोधताना सापडत नाही.

विंडोजमध्ये भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा. विंडोज बटण आणि स्पेसबारने भाषा बदलते. वेगळं काही उतरवावं लागत नाही.

उणीव एकच, पण मोठी: बहुतेक कीबोर्डांवर देवनागरी अक्षरं छापलेली नसतात, त्यामुळे सुरुवातीला वेग फारच पडतो. तक्ता समोर लावा, आधी फक्त मधली ओळ बसवा. गुजराती, कन्नड, बंगालीच्या इनस्क्रिप्टमध्येही 'क' मराठीसारखाच 'के'च्या बटणावर आहे, त्यामुळे घरात दोन भाषा असणाऱ्यांना ही मेहनत दुप्पट फळते.