जातिवंत की मिश्र पिल्लू: निवड कशावर करायची

जातिवंत पिल्लाचा मोठा फायदा म्हणजे अंदाज बांधता येतो. आठ आठवड्यांचं लॅब्राडॉर आज पाच किलोचं असेल, तर मोठेपणी ते साधारण २५ ते ३६ किलोच्या दरम्यान भरेल, वर्षभर केस गाळेल आणि तोंडात काही ना काही धरून फिरेल, हे आधीच सांगता येतं. बीगलला वास लागला की हाक ऐकू येणं बंद होतं, हस्की पट्टा ओढणार, बॉर्डर कॉलीला काम दिलं नाही तर ती स्वतःच काम शोधणार. मिश्र पिल्लाबद्दल इतक्या ठामपणे बोलता येत नाही. पण जातिवंत पिल्लाच्या बाबतीतही हा अंदाज खरा उपयोगी पडतो तो आईबाप माहीत असतील आणि त्यांच्या तपासण्या झालेल्या असतील तरच. त्यामुळे जात विचारण्याआधी विचारायला हवं: या पिल्लाच्या आईबापांबद्दल मला नक्की काय कळू शकतं?

‘मिश्र’ या नावाखाली तीन वेगळी पिल्लं

पहिला प्रकार म्हणजे दोन जातींचा मुद्दाम केलेला क्रॉस, उदाहरणार्थ लॅब्राडॉर आणि पूडल यांचा लॅब्राडूडल. दुसरा, अनेक पिढ्यांत अनेक जाती मिसळलेलं पिल्लू. तिसरा प्रकार गावठी कुत्र्यांचा. त्यांना सरसकट ‘मिक्स’ म्हटलं जातं, ते चूक आहे. आजच्या बहुतेक जाती गेल्या दीडदोनशे वर्षांत वंशनोंदी ठेवून बंदिस्त केलेल्या आहेत. इंग्लंडमधला केनेल क्लब १८७३ साली सुरू झाला. गावठी कुत्र्यांचा वंश त्याहून कितीतरी जुना आहे आणि अनेक ठिकाणी त्यात जातिवंत रक्त फारसं मिसळलेलंही नाही. म्हणून अशा पिल्लाची डीएनए चाचणी केली आणि प्रयोगशाळेच्या नमुन्यांत त्या भागातली गावठी कुत्री नसली, तर अहवालात भलत्याच चारपाच जातींचे तुकडे दिसतात. त्यावरून स्वभाव किंवा आकार ठरवू नका.

आकार आणि केस

या बाबतीत जातिवंत पिल्लू स्पष्टपणे पुढे आहे. घर लहान असेल, कुत्र्याच्या वजनावर मर्यादा असेल किंवा घरातल्या वयस्कर व्यक्तीला पट्टा धरायचा असेल, तर हा फरक मोठा ठरतो.

मिश्र पिल्लाचा आकार निदान ढोबळ ठरवता येतो, मात्र त्यासाठी आधी वय नक्की करावं लागतं. ते दातांवरून कळतं. सहा ते आठ आठवड्यांपर्यंत सगळे २८ दुधाचे दात आलेले असतात. पुढचे पक्के दात तीन ते पाच महिन्यांच्या दरम्यान येऊ लागतात, पक्के सुळे पाचव्या-सहाव्या महिन्यात, आणि सात महिन्यांपर्यंत ४२ दात पूर्ण होतात. वय कळलं की सोळाव्या आठवड्याचं वजन दुप्पट करा. मध्यम आकाराच्या कुत्र्यासाठी हा हिशेब बऱ्यापैकी जमतो. लहान चणीचं पिल्लू तोवर निम्म्याहून जास्त वाढलेलं असतं, फार मोठ्या चणीचं निम्म्याहून कमी. पंजे मोठे म्हणजे कुत्रा मोठा होणार, यावर भिस्त ठेवू नका.

केसांच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसगत पहिल्या प्रकारच्या क्रॉसमध्ये होते, कारण ही पिल्लं ‘केस न गाळणारी’ म्हणून विकली जातात. कुत्र्याच्या केसांचे बहुतेक प्रकार तीन जनुकांवरून ठरतात: लांबी, कुरळेपणा आणि तोंडावरच्या दाढीमिशा. दाढीमिशा असलेलं कुत्रं सहसा कमी केस गाळतं. दाढीमिशांचं जनुक प्रभावी आहे, म्हणजे आईबापांपैकी एकाकडूनच आलं तरी दिसतं, त्यामुळे लॅब्राडॉर आणि पूडल यांच्या पहिल्या पिढीतल्या जवळपास सगळ्या पिल्लांना दाढीमिशा येतात. मात्र पहिल्या पिढीतली दोन कुत्री एकमेकांशी लावली की सरासरी चारातलं एक पिल्लू दाढीमिशांविना जन्मतं, आणि ते लॅब्राडॉरसारखे केस गाळू शकतं. म्हणून क्रॉस घेताना पिल्लू पहिल्या पिढीचं की दुसऱ्या, ते विचारा आणि दोन्ही आईबापांचे केस स्वतः बघा.

घरात कुणाला कुत्र्याची ॲलर्जी असेल, तर जातीच्या नावावर विसंबू नका. ॲलर्जी करणारी प्रथिनं लाळेत, त्वचेच्या कोंड्यात आणि मूत्रात असतात, केस हे फक्त त्यांचं वाहन. ॲलर्जी असलेल्या माणसाने त्याच कुत्र्यासोबत वेगवेगळ्या दिवशी काही तास घालवून बघणं, हाच त्यातल्या त्यात भरवशाचा मार्ग.

स्वभाव: जातीला वाटतं तितकं महत्त्व नाही

२०२२ साली ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १८,००० हून अधिक कुत्र्यांच्या मालकांची उत्तरं आणि २,००० हून अधिक कुत्र्यांचा डीएनए तपासला गेला. एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीवरून समजावता आला. माणसाच्या सूचना किती ऐकतो, हा गुण जातीशी जास्त जोडलेला निघाला. कुत्रा किती लवकर चिडतो, याचा जातीशी संबंध फारच कमी होता.

याचा अर्थ जात बिनमहत्त्वाची, असा नाही. मेंढ्या राखणाऱ्या किंवा शिकारीसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेल्या कामाच्या वंशातलं पिल्लू घेतलं, तर ती ओढ त्याच्यात उतरण्याची शक्यता जास्त असतेच. पण ‘गोल्डन रिट्रीव्हर आहे म्हणजे मुलांशी चांगलाच वागेल’ हे गृहीत धरून कुणी सामाजिकीकरण टाळलं, तर नुकसान त्याचंच होतं. तीन आठवड्यांपासून साधारण बारा ते चौदा आठवड्यांपर्यंत पिल्लाचा मेंदू नव्या गोष्टी सहज स्वीकारतो. या काळात त्याने वेगवेगळी माणसं, आवाज, जमिनी, वाहनं, मुलं पाहिली पाहिजेत. यातला निम्मा काळ पिल्लू तुमच्याकडे येण्याआधीच संपतो. म्हणून ते कुठे वाढलं हे बघा: घरात माणसांच्या पायांत वाढलेलं मिश्र पिल्लू, पिंजऱ्यात वाढलेल्या वंशावळवाल्या पिल्लापेक्षा बहुतेक वेळा सोपं जातं.

आईला भेटाच. भित्रेपणा काही प्रमाणात वंशातून येतो आणि पिल्लं आईची प्रतिक्रिया बघूनही शिकतात. अनोळखी माणूस दिसल्यावर आई आधी भुंकली आणि दोन मिनिटांत शांत होऊन हुंगायला आली, तर हरकत नाही. ती कोपऱ्यात दबून बसली किंवा अंगावर आली, तर पिल्लं कितीही गोड असोत, पुन्हा विचार करा.

आजार: इथे दोन्ही बाजूंचे गैरसमज आहेत

‘मिश्र कुत्री आजारी पडत नाहीत’ हे अर्धसत्य आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेने २०१३ साली २४ आनुवंशिक विकारांची तुलना केली. दहा विकार जातिवंत कुत्र्यांत जास्त आढळले, एक मिश्र कुत्र्यांत (गुडघ्याचा लिगामेंट तुटणं), आणि उरलेल्या तेरांत फरक दिसला नाही.

कारण समजून घेतलं की निवड सोपी होते. अनेक विकार अप्रभावी जनुकांमुळे होतात: आई आणि बाप दोघेही वाहक (म्हणजे दोषाची एकच प्रत असलेले, स्वतः निरोगी) असतील तर प्रत्येक पिल्लाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. बंदिस्त वंशात नातेवाईकांमध्ये प्रजनन होतं, म्हणून तोच दोष दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. सख्ख्या भावंडांच्या पिल्लांमध्ये अंतःप्रजननाचा गुणांक (एकाच पूर्वजाकडून एकाच जनुकाच्या दोन्ही प्रती येण्याची शक्यता) किमान २५ टक्के, सावत्र भावंडांच्या १२.५, सख्ख्या चुलत भावंडांच्या ६.२५. ब्रीडरला हा आकडा विचारा, आणि तो किती पिढ्यांवरून काढला तेही. फक्त तीन पिढ्यांवरून काढलेला आकडा बऱ्याचदा खऱ्यापेक्षा निष्पाप दिसतो.

कधीकधी बंदिस्त वंशात दोष सगळ्यांमध्येच पसरलेला असतो. डाल्मेशियनचं मूत्रातलं जास्तीचं युरिक ॲसिड आणि त्यातून होणारे खडे हे त्याचं उदाहरण. निरोगी जनुक जातीत उरलंच नव्हतं. शेवटी १९७३ साली एका पॉइंटर कुत्र्याशी एकदाच संकर केला गेला आणि त्यातून पुढे निरोगी ओळ तयार झाली.

पण दोन जाती मिसळल्या म्हणजे धोका टळला, असंही नाही. डोळ्याच्या पडद्याचा हळूहळू आंधळं करणारा एक विकार लॅब्राडॉर, पूडल आणि कॉकर स्पॅनियल या तिन्ही जातींत एकाच जनुकदोषामुळे होतो. त्यामुळे त्यांच्या क्रॉसमध्येही दोन वाहक एकत्र येऊ शकतात. हिप डिस्प्लेशिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसणं, तर अनेक जनुकं, वजन आणि आहार यांच्या मेळातून होतो. दोन मोठ्या जातींचं पिल्लू त्यातून सुटत नाही. चपट्या नाकाच्या पगचा क्रॉस असेल, तर नाकपुड्या उघड्या आहेत का आणि खेळताना घरघर होते का, हे बघावंच लागतं. आणि मर्ल, म्हणजे ठिपक्या-डागांचा रंग असलेली दोन कुत्री एकमेकांशी लावली असतील, तर सरासरी चारातल्या एका पिल्लात तो जनुक दोन्हीकडून येतो आणि बहिरेपणा व अंधत्वाचा धोका खूप वाढतो. हे जातिवंत आणि क्रॉस दोन्हींना लागू आहे.

आयुष्याबद्दलही एकच उत्तर नाही. इंग्लंडमधल्या २०१३ च्या एका अभ्यासात मिश्र कुत्री सुमारे १.२ वर्षं जास्त जगलेली दिसली. ब्रिटनमधल्याच २०२४ च्या, पाच लाखांहून जास्त कुत्र्यांच्या अभ्यासात उलट निघालं: जातिवंतांचं मध्यक आयुष्य १२.७ वर्षं, मिश्रांचं १२. त्याच अभ्यासात लहान चण आणि लांब नाक असलेल्या माद्या सर्वांत जास्त जगल्या, मध्यम चणीचे चपट्या नाकाचे नर सर्वांत कमी. थोडक्यात, आयुष्य बघायचं तर चण आणि नाक आधी बघा.

कोणत्या जातीसाठी काय मागायचं

वंशावळीचा कागद फक्त पूर्वज सांगतो, तब्येत नाही. तब्येतीचे कागद वेगळे असतात आणि ते जातीप्रमाणे बदलतात. लॅब्राडॉर, गोल्डन, जर्मन शेफर्ड: दोन्ही आईबापांच्या खुब्याचे आणि कोपराचे एक्स-रे. अमेरिकेतल्या ओएफए या, अशा एक्स-रेंना गुण देणाऱ्या संस्थेच्या पद्धतीत अंतिम गुण २४ महिन्यांनंतरच मिळतात, म्हणजे सव्वा वर्षाच्या आईचे असे अंतिम गुण असूच शकत नाहीत. डॉबरमन: हृदयाची सोनोग्राफी आणि २४ तासांची ईसीजी नोंद, तीही दरवर्षी. कॅव्हेलियर स्पॅनियल: हृदयाच्या झडपेची तपासणी. कॉली: एमडीआर१ या जनुकातल्या दोषाची चाचणी, कारण हा दोष असलेल्या कुत्र्याला आयव्हरमेक्टिन या जंतांवरच्या औषधाची मोठी मात्रा जीवघेणी ठरू शकते. कॉलीचं रक्त असण्याची शक्यता असलेल्या मिश्र कुत्र्याचीही ही चाचणी करून घ्या.

प्रत्येक अहवालावरचा १५ अंकी मायक्रोचिप क्रमांक आईबापाच्या अंगातल्या चिपशी स्कॅनरने जुळवा. अहवाल खरा पण कुत्रा दुसराच, असं होऊ शकतं.

हे कागद मिळत नसतील, तर त्या जातिवंत पिल्लात जातीचे सगळे धोके आहेत आणि अंदाजाचा फायदा नाही. आमच्या मते सगळ्यात वाईट व्यवहार हाच. तेवढ्या पैशात निवाऱ्यातलं मिश्र पिल्लू घेऊन त्याची पूर्ण तपासणी करून घेणं कितीतरी शहाणपणाचं.

घरी आणताना

पिल्लू आठ आठवड्यांचं होण्याआधी आईपासून तोडू नका. पोट फुगलेलं आणि बाकी अंग सुकलेलं असेल तर जंतांचा संशय घ्या. जंतांच्या अळ्या गर्भात आणि दुधातूनही पिल्लात जातात. हिरड्या गुलाबी हव्यात, बेंबीजवळ गाठ नको, डोळ्यांतून पू नको. ऐकू येतं का हे बघायला पिल्लू पाठमोरं असताना किल्ल्या पाडा. दचकून पुन्हा बघायला येणारं पिल्लू चांगलं.

मिश्र पिल्लाच्या लसींची नोंद बहुतेक वेळा नसते किंवा अर्धवट असते. नोंद नसेल तर एकही लस झालेली नाही असं समजून सुरुवात करा. साधारणपणे सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी, आणि शेवटचा डोस सोळा आठवडे किंवा त्यानंतर. शेवटचा डोस टाळू नका, कारण आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळे आधीचे डोस वाया जाऊ शकतात. घरात दुसरं कुत्रं असेल तर नव्या पिल्लाला दोन आठवडे वेगळं ठेवा. पार्व्हो या विषाणूजन्य आजाराची लक्षणं दिसायला इतके दिवस लागू शकतात, आणि त्याचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो.

आकार आणि स्वभाव यांबद्दल अजिबात धोका पत्करता येत नसेल आणि जातिवंत पिल्लाचा खर्चही झेपत नसेल, तर साधारण दीड वर्षाचं मिश्र कुत्रं घ्या. त्याचं वजन बहुतेक ठरलेलं असतं, स्वभाव समोर दिसतो, खुब्यांचा एक्स-रे काढता येतो. आठवडाभर सांभाळून बघू देणारा निवारा सापडला तर त्यालाच पसंती द्या, आणि पिल्लू असो वा मोठं कुत्रं, परत करायची वेळ आली तर ते कोण घेईल, हे लेखी घ्या.