ग्रँडस्ट्रीम एचटी ८०२ : एक डबी, दोन लाइनी

न्यू जर्सीतल्या आमच्या घरी सासूबाईंचा जुना नंबर आणि ह्यांची ऑफिसची लाइन, दोन्ही या तळहाताएवढ्या डबीवर चालतात. साधा फोन इंटरनेटवरून चालवणारा हा अडॅप्टर. फोन उचलून तीनदा स्टार दाबा, मग शून्य-दोन. डबी आपला आयपी पत्ता, म्हणजे घरच्या नेटवर्कवरचा आकडी पत्ता, स्वतःच बोलून दाखवते. तो ब्राउझरमध्ये टाकला की प्रत्येक पोर्टचं, म्हणजे फोन जोडायच्या खाचेचं, पान वेगळं. सेटिंग्जचं नुसतं जंगल आहे, पण इंटरनेट फोन कंपनीने दिलेले सर्व्हर, युजर आयडी, पासवर्ड भरले की बहुतेक वेळा भागतं. आवाज एकतर्फी येत असेल तर आधी राउटरमधलं सिप एएलजी (इंटरनेट कॉलच्या डेटात फेरफार करणारी सोय) बंद करा. ९११ या आपत्कालीन नंबरसाठी घरचा पत्ता मात्र प्रत्येक नंबरला न विसरता नोंदवा. सासूबाईंचा बटणांचा फोन तोच ठेवलाय. मोबाइलचं नावही काढू देत नाहीत.